विद्यापीठ आणि त्याचा मुलूख
रायपूरच्या धानसंग्रहावरून काही विचार

एखाद्या प्रदेशात विद्यापीठ स्थापन झाले म्हणजे त्या प्रदेशाची प्रगती आपोआप होऊ लागते, असा समज सर्वत्र रूढ आहे. कोनशिला बसते, इमारती उभ्या राहतात, दरवर्षी पदवीदान समारंभ होतो, आणि पदवीधरांची संख्या हीच प्रगतीची मोजणी मानली जाते. परंतु पदवीधरांची संख्या आणि त्या मुलखात निपजलेल्या नव्या गोष्टींची संख्या ही दोन्ही नेहमी बरोबरीने वाढतात असे नाही. ज्या मुलखाच्या पैशावर आणि भूमीवर विद्यापीठ उभे असते, त्या मुलखाच्या शेतात, कारखान्यात आणि घरात त्या विद्येचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. या पुस्तिकेत त्याचा विचार एका ठिकाणच्या उदाहरणावरून केला आहे. ते ठिकाण म्हणजे छत्तीसगढची राजधानी रायपूर.

नव्या गोष्टी कोठून येतात?

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, जमीन, यंत्रे आणि पैसा यांच्याइतकेच माणसाचे शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य हेही भांडवलच होय. या विचाराला ‘मानवी भांडवल’ असे नाव मिळाले, आणि १९७९ साली शुल्ट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांच्या विचाराचा पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा भाग मात्र बहुधा विसरला जातो. पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी अडाणी नसतो, हाती असलेल्या साधनांचा तो उत्तम उपयोग करीत असतो, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. त्याला हवी असतात ती नवी साधने, आणि ती वापरण्याचे ज्ञान.

हे दोन्ही भाग एकत्र घेतले म्हणजे विद्यापीठाचे काम स्पष्ट होते. विद्यापीठ हे रिकाम्या घागरीत पाणी ओतणारे पात्र नव्हे. मुलखाजवळ स्वतःचे ज्ञान असते. ते गोळा करणे, पारखणे, त्यात नव्या विद्येची भर घालणे आणि ते पुन्हा मुलखाच्या हाती देणे, असे हे चक्र आहे. यांतील एक जरी आरा निखळला तरी चाक फिरत नाही.

लाभांडीचे क्षेत्र

मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा जुना हमरस्ता रायपूर शहरातून जातो. शहराच्या पूर्वेस या रस्त्यावर तेलीबांधा ही वस्ती लागते. येथील तळे प्रसिद्ध आहे. त्याच्या काठी आता शहरवासी सायंकाळी फिरावयास येतात. रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंदमापी रेल्वे पूर्वी याच तेलीबांध्यावरून जात असे. तेलीबांध्याच्या पुढे काही किलोमीटरवर लाभांडी आहे, आणि तेथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे.

या जागेचा शेतीशी संबंध जुना आहे. १९०३ साली लाभांडी येथे सरकारी प्रायोगिक शेत सुरू झाले. त्या वेळी रायपूर मध्यप्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. उच्च शिक्षणाची स्थिती अशी की, छत्तीसगढातील पहिले मानले जाणारे महाविद्यालय रायपूरला निघाले ते १९३८ साली. रायपूरचे कृषी महाविद्यालय १९६१ मध्ये स्थापन झाले. पुढे ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाकडे गेले, आणि २० जानेवारी १९८७ रोजी त्यातून रायपूरचे स्वतंत्र कृषी विद्यापीठ निर्माण झाले. म्हणजे शेत आधी आले, महाविद्यालय नंतर, आणि विद्यापीठ त्याहून नंतर. या क्रमातच एक बोध आहे : प्रश्न मुलखाचे होते, त्यांच्यासाठी संस्था घडत गेली.

ते प्रश्न कोणते, हेही पाहिले पाहिजे. छत्तीसगढला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. येथील शेतकरी आपल्या जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा व कन्हार असे प्रकार पाडतो. भाठा ही उंचावरची मुरमाड जमीन; तिच्यात पाणी ठरत नाही. कन्हार ही सखल भागातील काळी, भारी जमीन. तिच्यात ओल दीर्घकाळ टिकते. साहजिकच उंच जमिनीला लवकर पिकणारे धान लागते आणि सखल जमिनीला उशिरा पिकणारे. एकाच शेतकऱ्याजवळ दोन-तीन प्रकारची जमीन असेल, तर त्याला दोन-तीन प्रकारचे बियाणे हवे. त्याखेरीज सणासुदीला सुवासिक धान हवे, पोह्यांना वेगळे, लाह्यांना वेगळे. शेकडो वर्षांच्या निवडीतून या प्रदेशात धानाची हजारो वाणे निर्माण झाली ती अशी. ही वाणे निर्माण करणाऱ्यांपाशी पदवी नव्हती, पण निरीक्षण होते.

संग्रहाची कथा

या वाणांचे मोल ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. राधेलाल रिछारिया यांचे नाव अग्रभागी आहे. केंब्रिजला शिकलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ कटक येथील केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक होते. बुटक्या परदेशी वाणांची आयात घाईने करू नये, त्यांच्याबरोबर नवे रोग येतील, असे त्यांचे मत होते. या मतभेदातून त्यांना संचालकपद सोडावे लागले. १९७० नंतरच्या दशकात मध्यप्रदेश शासनाच्या साह्याने त्यांनी रायपूर येथे तांदूळ संशोधन संस्था उभारली. खेडोपाडी हिंडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धानाचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. कोणते धान किती दिवसांत पिकते, कोणते दुष्काळात तग धरते, कोणते सुवासिक आहे, याच्या नोंदी केल्या. त्यांचा आग्रह असा की, सुधारणेचा आरंभ देशी वाणांतून व्हावा, आणि निवडीचे काम एका मध्यवर्ती क्षेत्रावर न होता त्या त्या भागातच व्हावे.

पुढे ही संस्था बंद करण्यात आली आणि तिचा संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. आज रायपूरच्या विद्यापीठात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेचा संग्रह सोडला, तर इतका मोठा धानसंग्रह क्वचितच आढळेल. ज्या प्रयोगशाळेत तो ठेवला आहे तिला आता डॉ. रिछारिया यांचेच नाव आहे. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

बियांचा संग्रह म्हणजे पुस्तकांचा संग्रह नव्हे. पुस्तक कपाटात शंभर वर्षे राहते, बी मरते. म्हणून बियांतील ओलावा कमी करून त्या थंड जागी ठेवाव्या लागतात, आणि ठरावीक काळाने शेतात पेरून ताजे बी धरावे लागते. त्या वेळी एका वाणात दुसऱ्याचे मिश्रण होऊ नये, चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ नये, एकाच वाणाची दोन नावे असतील तर ती ओळखता यावीत, यासाठी वर्षानुवर्षे तेच काम करणारी दक्ष माणसे लागतात. इमारत आणि शीतपेटी विकत मिळते. ही माणसे घडवावी लागतात. मानवी भांडवल या शब्दाचा अर्थ येथे प्रत्यक्ष दिसतो. जाणते कामगार निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी शिकून तयार झाले नाही, तर हजारो नमुने जागच्या जागी निरुपयोगी होतील, आणि त्याचा आवाजही होणार नाही.

संग्रहातून शेताकडे

असा संग्रह केवळ जपून ठेवला तर ते संग्रहालय झाले. त्याचा उपयोग कसा होतो, याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण तणाचे आहे. छत्तीसगढात धान बहुधा फेकून पेरतात, आणि महिनाभराने उभ्या पिकात, पाणी असताना, हलकी नांगरट करतात. या पद्धतीला ‘ब्यासी’ म्हणतात. अशा शेतात ‘करगा’ नावाचे जंगली धान माजते. त्याचे रोप हुबेहूब धानासारखे. लोंबी येईपर्यंत ते ओळखू येत नाही, आणि पिकण्यापूर्वीच त्याचे दाणे गळून पुढच्या वर्षाचे तण पेरले जाते. यावर रायपूरच्या शास्त्रज्ञांनी जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ हे वाण काढले. हे वाण पेरले म्हणजे शेतात हिरवे दिसेल ते करगा. निंदणी करणाऱ्या बाईला मग भिंगाची गरज नाही आणि पुस्तकाचीही नाही. हा प्रश्न या मुलखाचा होता. दूरच्या कोणत्याही प्रयोगशाळेला तो सुचला नसता. स्थानिक विद्यापीठाचे समर्थन करावयास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण ‘दुबराज’ या सुवासिक धानाचे आहे. धमतरी जिल्ह्यातील नगरी भागाचे दुबराज नामांकित. पण त्याचे ताट उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, आणि पीक तयार होण्यास फार दिवस लागतात. म्हणून शेतकरी ते सोडू लागले होते. सुवास राखून हे दोष घालवावयाचे कसे? येथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे साह्य झाले. बियांवर गॅमा किरण सोडले असता त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात कोठे कोठे बदल घडतात. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात. पण हजारो रोपांत एखादे बुटके, लवकर पिकणारे आणि तरीही सुवासिक असे निघते. त्याचे बी वेगळे धरून पिढ्यान्‌पिढ्या तपासावे लागते, आणि गुण स्थिर झाले म्हणजे नवे वाण मिळते. ‘ट्रॉम्बे छत्तीसगढ दुबराज म्यूटंट-१’ हे वाण अशा रीतीने तयार झाले. किरण ट्रॉम्बेचे, धान नगरीचे, आणि निवड रायपूरची. यांतील एकही घटक दुसऱ्याची जागा घेऊ शकला नसता. मूळ नगरी दुबराजाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यासाठी पुढे आला तो त्या भागातील स्त्रियांचा एक बचतगट, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

याच दोन संस्थांनी गठुवन, लायचा व महाराजी या देशी धानांच्या औषधी गुणांचाही अभ्यास केला आहे. प्रयोगशाळेत पेशींवर दिसलेला परिणाम म्हणजे रोग्यावरील औषध नव्हे, हा विवेक मात्र येथे सोडता कामा नये. विज्ञानाची प्रतिष्ठा जशी शोधाने वाढते, तशी ती संयमानेही राखली जाते.

२००२ चा वाद

ज्ञान आणि बी यांचा संग्रह मोठा झाला की मालकीचा प्रश्न येतोच. २००२ साली रायपूरचे विद्यापीठ आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात सहकार्याची बोलणी झाली. या व्यवहारातून धानाचा संग्रह कंपनीच्या हाती जाईल, अशी धास्ती शेतकरी संघटना, कार्यकर्ते आणि वृत्तपत्रे यांनी व्यक्त केली. मोठा विरोध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहावयास हवे. सहकार्याच्या बाजूने म्हणता येण्यासारखे आहे की, विद्यापीठांजवळ पैसा अपुरा असतो. बियाणे तयार करून बाजारात पोहोचविण्याची यंत्रणा कंपन्यांजवळ असते. आणि वापरावाचून पडलेला संग्रह कोणाच्याच कामाचा नाही. यांतील प्रत्येक विधानात तथ्य आहे. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले आहे : संग्रह विद्यापीठाचा आहे, आणि म्हणून करार करण्याचा अधिकारही त्याचाच. वस्तुस्थिती तशी नाही. ती वाणे हजारो अनामिक शेतकऱ्यांनी घडविली. विद्यापीठ त्यांचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव कुलपात कुजू देऊ नये हे खरे. पण ठेवीदाराला न विचारता ती दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हेही तितकेच खरे. संसदेने २००१ साली केलेल्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावे नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. अशी नोंदणी करण्यास शेतकऱ्याला साह्य करणे, हे विद्यापीठाचे एक पवित्र कर्तव्य मानले पाहिजे.

चंद्रपूरचा शेतकरी

या कर्तव्याचे महत्त्व महाराष्ट्राच्या वाचकाला चंद्रपूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून चटकन पटेल. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. शाळेची वाट त्यांनी फार थोडी चालली होती. १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात त्यांना निराळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढील वर्षी वेगळ्या पेरल्या, आणि अशी अनेक वर्षे निवड करून बारीक दाण्याचे, चवदार आणि भरघोस पिकणारे धान सिद्ध केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. ते विदर्भात पसरले आणि सीमा ओलांडून छत्तीसगढातही घरोघर गेले. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्राने त्यांच्याकडून बी नेले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण विद्यापीठाच्या नावे प्रसृत झाले. आपल्या कामाचे श्रेय आपणांस मिळाले नाही, ही खंत खोब्रागडे यांना दीर्घकाळ होती. पुढे राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला. पण २०१८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा आर्थिक विवंचनेने त्यांची पाठ सोडलेली नव्हती.

या कथेत एक सूक्ष्म मुद्दा आहे. खोब्रागडे यांनी ज्या ‘पटेल-३’ मधून निवड केली, ते वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून निघालेले होते. म्हणजे विद्यापीठाचे बी शेतकऱ्याकडे गेले; शेतकऱ्याने त्यातून नवे काढले; ते पुन्हा विद्यापीठाकडे आले आणि नंतर दोन राज्यांत पसरले. ज्ञानाचे चक्र पूर्ण फिरले. मागे राहिला तो केवळ श्रेयाचा आणि मोबदल्याचा वाटा. आणि जेथे तो वाटा मिळत नाही, तेथे पुढच्या खेपेस शेतकरी आपली लोंबी विद्यापीठाला दाखवीलच कशाला?

दुसऱ्या देशाचा दाखला

विद्यापीठाने मुलखाचे रूप पालटल्याचा दाखला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिळतो. तेथील दूध-उत्पादकांना दुधाचा भाव वजनावर मिळत असे. म्हणून पाणी घालणारा आणि साय काढणारा फायद्यात राही, आणि प्रामाणिक माणूस तोट्यात. १८९० साली राज्याच्या विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी परीक्षा शोधून काढली. दुधात गंधकाम्ल घालावयाचे, नळी वेगाने फिरवावयाची आणि वर आलेल्या स्निग्धाची उंची वाचावयाची, इतकेच. बॅबकॉक यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. तो सर्वांना खुला ठेवला. त्याच सुमारास विद्यापीठाने दुग्धव्यवसायाचे अल्प मुदतीचे वर्ग काढले, आणि लोणी व चीज करणारी माणसे तेथे शिकून गावोगाव परतली. गव्हाचे ते राज्य दुधाचे झाले. शोध, खुलेपणा आणि शिकलेली माणसे या तिन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी एकत्र आल्या, हे त्या यशाचे मर्म होय.

काय केले पाहिजे?

आज रायपुरात शिक्षणसंस्थांची उणीव नाही. १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. खाणकाम व धातुशास्त्राचे जुने महाविद्यालय आता राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले आहे. २००० मध्ये राज्य वेगळे झाल्यावर व्यवस्थापन, वैद्यक आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या संस्थाही आल्या. तरीही लाभांडीला शिकलेला तरुण तेलीबांध्यावरून शहराकडे वळतो, आणि शहरातून आणखी मोठ्या शहराकडे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. शिकलेल्या माणसाला त्याच्या मुलखात काम आणि मान नसेल, तर तो जाणारच. मुलखाने पेरलेले भांडवल मग दुसरीकडे उगवते.

म्हणून चार गोष्टी आवश्यक दिसतात. पहिली, विद्यापीठाची परीक्षा पदव्यांच्या संख्येवर न होता, त्याने मुलखाचे किती प्रश्न सोडविले यावर व्हावी. दुसरी, संग्रह सांभाळणारे, क्षेत्रावर काम करणारे आणि खेड्यापर्यंत ज्ञान नेणारे यांची पदे रिकामी राहू नयेत. विस्ताराचे काम संशोधनाहून हलके समजले जाऊ नये. तिसरी, जे वाण गावातून आले ते मागितल्यास गावाला परत मिळावे, आणि निर्मात्याचे नाव त्याबरोबर जावे. चौथी, हे ज्ञान लोकांच्या भाषेत यावे. रायपूरचे संशोधन इंग्रजी नियतकालिकात छापले जाते, आणि करगा निंदणारी बाई छत्तीसगढी बोलते. सीमेपलीकडील गोंदिया-भंडाऱ्याचा धान-उत्पादक मराठी बोलतो. या भाषांमधील अंतर रायपूर-गोंदियाच्या अंतराहून मोठे आहे. ते तोडल्यावाचून चक्र पुरे होत नाही.

यांत शाळांनाही वाटा उचलता येईल. धानाच्या मुलखातील प्रत्येक शाळेने आपल्या गावात आज कोणती वाणे पेरली जातात आणि आजोबांच्या वेळी कोणती पेरली जात, याची यादी करावी. जमिनीचा प्रकार, पिकण्याचे दिवस, दाण्याचा रंग व उपयोग एवढ्या चार नोंदी प्रत्येक नावापुढे असाव्यात. यासाठी पैसा लागत नाही. वडीलधाऱ्यांना विचारण्याची आणि नीट लिहून ठेवण्याची सवय मात्र लागते. रिछारिया यांच्या संग्रहाचा आरंभही गावात जाऊन विचारण्याने आणि लिहून ठेवण्यानेच झाला होता. ही यादी करताना एखाद्या मुलाला शेतात एखादी वेगळी लोंबी दिसली, आणि ती नेऊन दाखवावी असे विद्यापीठ त्याला आपले वाटले, तर त्या मुलखात विद्या रुजली असे समजावयास हरकत नाही.